एका कळीत किती आज्ञा? मजकुरी खेळांतील कीबोर्ड मॅक्रोची ओळख

मजकुरी खेळात पडद्यावर चित्र नसते. आपण कुठे उभे आहोत, समोर काय आहे, दार कोणत्या बाजूला आहे, हे खेळ शब्दांत सांगतो आणि पुढे काय करायचे ते खेळाडू शब्दांतच लिहितो. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचे, आलेले उत्तर वाचायचे आणि पुन्हा नवी ओळ लिहायची, असा हा व्यवहार असतो. साहजिकच कीबोर्ड हे इथले एकमेव अवजार ठरते, आणि तीच ती आज्ञा शेकडो वेळा लिहावी लागली की बोटे थकतात. त्यावरचा उपाय म्हणजे मॅक्रो. एक आज्ञा किंवा आज्ञांची मालिका आधी ठरवून एखाद्या कळीला जोडून ठेवायची, आणि ती कळ दाबताच सगळी मालिका खेळाकडे रवाना व्हायची, एवढाच त्याचा अर्थ आहे. व्याख्या सोपी असली तरी कोणती आज्ञा कळीत भरावी आणि कोणती भरू नये, हा प्रश्न सोपा नाही. माझ्या मते मॅक्रोने बोटांचे श्रम जरूर वाचवावेत, परंतु उत्तर वाचून निर्णय घेण्याचे काम खेळाडूकडेच राहिले पाहिजे, आणि हे कसे साधायचे ते समजण्यासाठी कळ दाबल्यापासून आज्ञा खेळापर्यंत पोहोचेपर्यंतचा प्रवास नीट माहीत असायला हवा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील वाचकांना हा विषय दोन कारणांनी जवळचा आहे. पहिले कारण असे की, मजकुरी खेळाला भारी संगणक लागत नाही आणि इंटरनेटचा वापरही नगण्य होतो, त्यामुळे घरातला जुना लॅपटॉप आणि मोबाइलचे अडखळते नेट एवढ्यावरही तो खेळता येतो. दुसरे कारण कीबोर्डचे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच संगणकांवर इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तीन मांडण्या एकत्र नांदतात, आणि मॅक्रो बिघडण्याची जी कारणे केवळ इंग्रजीत काम करणाऱ्याला कधी भेटतच नाहीत, ती आपल्याला पहिल्याच दिवशी भेटतात.

या खेळांची सुरुवात १९७० च्या दशकातली आहे. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरला गुहांमध्ये फिरण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहाच्या आधारे त्याने पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स याने तो वाढवला. त्यात आज्ञा एक किंवा दोन शब्दांची असे आणि प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच तपासली जात, कारण पीडीपी-१० च्या स्मृतीतील ३६ बिटांच्या एका खणात ७ बिटांची पाचच अक्षरे मावत. आज्ञा आखूड ठेवण्याची सवय या खेळांना अशी यंत्राच्या मर्यादेतून लागली. उत्तरेला जाण्यासाठी ‘नॉर्थ’ऐवजी नुसते ‘एन’ किंवा आजूबाजूला पाहण्यासाठी ‘लुक’ऐवजी ‘एल’ लिहिण्याचे संक्षेप आजही जवळपास सगळ्या खेळांत चालतात, आणि नवशिक्याने मॅक्रोकडे वळण्याआधी हे तयार संक्षेप पाठ करावेत, कारण निम्मी गरज तिथेच भागते.

पुढे १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा खेळ उभा केला. यात अनेक खेळाडू एकाच जगात एकाच वेळी वावरू शकत होते, आणि या प्रकारच्या सर्वच खेळांना पुढे ‘मड’ हेच नाव पडले. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ खुला केला आणि त्यावरून ‘मर्क’सारखी असंख्य भावंडे निघाली. एकट्याने खेळायच्या खेळात आणि मडमध्ये एक मूलभूत फरक आहे, आणि मॅक्रोचा सारा विचार त्याभोवती फिरतो. ‘ॲडव्हेंचर’मध्ये तुम्ही आज्ञा देईपर्यंत जग थांबून राहते, तुम्ही चहा पिऊन आलात तरी काही बिघडत नाही. मडमध्ये मात्र घड्याळ चालू असते. तुम्ही मंत्र टाकण्याच्या ‘कास्ट’ या आज्ञेचे स्पेलिंग दुरुस्त करत बसलेले असताना समोरचा राक्षस वार करत राहतो, म्हणूनच मॅक्रोचा वापर सर्वांत जास्त मडमध्येच वाढला.

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत सीएनसी मशीन चालवणाऱ्यांना ही कल्पना वेगळ्या रूपात परिचित आहे. जॉबवर एकाच मापाची वीस होल पाडायची असतील तर तेच ब्लॉक, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी, वीस वेळा लिहिले जात नाहीत. ते उपप्रोग्राममध्ये एकदा लिहून ठेवतात, एम९८ या कोडने त्याला बोलावतात, आणि एम९९ आला की मशीन मुख्य प्रोग्रामकडे परतते. मात्र जॉब नीट पकडला आहे की नाही, टूल तुटले आहे की काय, याची चौकशी तो उपप्रोग्राम करत नाही. तो लिहिल्याप्रमाणे चालत राहतो. म्हणूनच जाणकार ऑपरेटर नवा प्रोग्राम आधी ‘सिंगल ब्लॉक’वर, म्हणजे एकेक ओळ थांबवून, चालवून बघतो. मॅक्रोचा स्वभावही नेमका असाच आहे आणि तो तपासण्याची योग्य रीतही हीच आहे. मालिकेतील प्रत्येक आज्ञा आधी हाताने देऊन पाहावी, प्रत्येकीला काय उत्तर येते आणि किती वेळ लागतो ते पाहावे, आणि मगच ती मालिका एका कळीत बांधावी.

मडचे खेळाडू बहुधा ‘क्लायंट’ नावाचा प्रोग्राम वापरतात. मडलेट, टिनटिन प्लस प्लस आणि मशक्लायंट हे त्यातले प्रसिद्ध आणि मोफत मिळणारे. क्लायंट तुमची ओळ गोळा करतो, सर्व्हरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, पाठवतो आणि आलेला मजकूर दाखवतो. त्यात मॅक्रोच्या आसपासच्या आणखी तीन सोयी असतात आणि बोलताना त्या सगळ्यांना सर्रास मॅक्रो म्हटले जाते, पण त्यांच्यातील भेद लक्षात घेतला नाही तर पुढचे काहीच नीट कळणार नाही. ‘ॲलिअस’मध्ये तुम्ही एखादा छोटा शब्द लिहून एंटर दाबता आणि क्लायंट त्याच्या जागी मोठी आज्ञा पाठवतो. मॅक्रोमध्ये शब्द लिहावा लागत नाही, एक कळ दाबली की काम होते. ‘ट्रिगर’मध्ये तुम्ही काहीच करत नाही, खेळाकडून ठरावीक मजकूर आला की क्लायंट आपण होऊन आज्ञा पाठवतो. ‘टायमर’ तर मजकुराचीही वाट पाहत नाही, ठरलेला वेळ झाला की तो चालतो. या क्रमाने पाहिले तर प्रत्येक पायरीला माणसाचा हात थोडा थोडा सुटत जातो. ॲलिअस आणि मॅक्रोमध्ये ‘आत्ता’ हा निर्णय माणसाचा असतो, तर ट्रिगर आणि टायमरमध्ये तो यंत्राकडे गेलेला असतो. बहुतेक मडच्या नियमावलीत नेमकी हीच रेघ आखलेली दिसते. कळ दाबून चार आज्ञा देण्याला क्वचितच हरकत असते, पण खेळाडू जागेवर नसताना पात्र चालत राहणे अनेक ठिकाणी निषिद्ध असते आणि त्यासाठी खाते बंदही केले जाते.

आता मॅक्रो नेमका कुठे वसतो ते पाहू. काही महागड्या कीबोर्डमध्ये तो कीबोर्डच्या आतल्या चिपमध्येच साठवता येतो. दुसरी जागा म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, जिथे विंडोजवर ऑटोहॉटकीसारखा प्रोग्राम कळ अडवून तिच्या बदल्यात दुसऱ्या कळा पाठवतो. तिसरी जागा म्हणजे स्वतः क्लायंट. पहिल्या दोन प्रकारांत संगणकाच्या दृष्टीने कुणीतरी भराभर टाइप करत असते, एवढेच. त्यामुळे तुम्ही मित्राला निरोप लिहिता लिहिता मध्येच मॅक्रोची कळ दाबलीत, तर मॅक्रोची अक्षरे त्या अर्ध्या ओळीला चिकटतात, शेवटी एंटरही दाबले जाते आणि भलतीच ओळ खेळाकडे जाते. शिवाय खेळाची खिडकी समोर नसताना तीच कळ दाबली गेली तर त्या आज्ञा एखाद्या चॅटमध्ये किंवा ऑफिसच्या कागदपत्रात उमटतात. क्लायंटमधला मॅक्रो लिहिण्याच्या ओळीला हातच लावत नाही. तो आज्ञा थेट सर्व्हरकडे पाठवतो आणि तुमचा अर्धवट निरोप जागच्या जागी शाबूत राहतो. म्हणून क्लायंट उपलब्ध असेल तर मॅक्रो तिथेच बांधावा असे मी आग्रहाने सांगेन. एकट्याने खेळायच्या खेळाच्या प्रोग्राममध्ये अशी सोय नसेल तरच ऑटोहॉटकीकडे जावे, आणि तेव्हाही मॅक्रो फक्त त्या खेळाच्या खिडकीपुरता चालेल अशी अट घालून घ्यावी.

कोणती कळ निवडायची हा पुढचा मुद्दा आहे. चालण्याच्या दिशांसाठी कीबोर्डच्या उजवीकडचा अंकांचा गठ्ठा, म्हणजे नमपॅड, सर्वांत सोयीचा पडतो. ८ ला उत्तर, २ ला दक्षिण, ४ ला पश्चिम आणि ६ ला पूर्व असे नकाशाप्रमाणे जोडले की हात आपोआप शिकतो. मात्र नमलॉक बंद असेल तर त्याच ८ च्या कळीतून वरचा बाण जातो आणि क्लायंट आधी दिलेली आज्ञा पुन्हा समोर आणतो, तेव्हा नमलॉकचा दिवा पाहायची सवय ठेवावी. लहान लॅपटॉपला नमपॅड नसतो. तिथे एफ१ पासूनच्या फंक्शन कळा वापराव्या लागतात, पण बऱ्याच लॅपटॉपवर त्याच कळांना आवाज आणि उजेड कमीजास्त करण्याचे काम दिलेले असते आणि एफएन कळ सोबत दाबल्याशिवाय खरी फंक्शन कळ जात नाही.

लिनक्सवर टर्मिनलच्या, म्हणजे फक्त मजकूर चालणाऱ्या, खिडकीत टिनटिन चालवणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. टर्मिनलच्या जगात एफ१ नावाची एकसंध वस्तू नसते. ती दाबली की सहसा एस्केप, ओ आणि पी अशा तीन चिन्हांची मालिका आत जाते, आणि टिनटिनमध्ये मॅक्रो बांधताना तीच मालिका लिहावी लागते. काही टर्मिनलमध्ये एफ१ मदतीसाठी आणि एफ११ पूर्ण पडद्यासाठी राखीव असल्याने ती कळ टिनटिनपर्यंत पोहोचतच नाही. मॅक्रो बरोबर लिहूनही काही घडत नसेल तर आधी ही शक्यता तपासावी.

सीमाभागातील वाचकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा मुद्दा भाषेच्या मांडणीचा आहे. कीबोर्ड संगणकाला अक्षर सांगत नाही. कोणत्या जागेवरची कळ दाबली गेली एवढेच तो सांगतो, आणि त्या जागेचे अक्षर कोणते हे चालू असलेली मांडणी ठरवते. इनस्क्रिप्ट मांडणी भारतीय लिप्यांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेली आहे, म्हणून ज्या जागी मराठीत ‘क’ येतो त्याच जागी कन्नड इनस्क्रिप्टमध्येही कन्नड ‘क’ येतो. इंग्रजी मांडणीत ‘लुक’ या आज्ञेसाठी ज्या चार कळा दाबाव्या लागतात, त्याच कळा मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना दाबल्या तर ‘तददक’ असे उमटते आणि उत्तरेसाठीच्या ‘एन’च्या जागी ‘ल’ उमटतो. खेळ अर्थातच ‘समजले नाही’ असे सांगतो. आता मॅक्रोकडे वळू. कीबोर्डच्या चिपमधला मॅक्रो जागा पाठवतो, अक्षर नव्हे. त्यामुळे कन्नडमधून अर्ज भरून झाल्यावर मांडणी परत इंग्रजी करायला विसरलात, तर तो अख्खा मॅक्रो कन्नड अक्षरांची ओळ पाठवेल. ऑटोहॉटकीमध्ये कळांची नक्कल करण्याऐवजी मजकूर जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय आहे आणि तो निवडला की मांडणी कोणतीही असली तरी इंग्रजी आज्ञा इंग्रजीतच जाते. क्लायंटमधल्या मॅक्रोत आज्ञा मजकूर म्हणूनच साठवलेली असल्याने हा प्रश्न उरतच नाही. फक्त मॅक्रोची कळ अशी निवडावी जिचा अर्थ मांडणीबरोबर बदलत नाही, आणि फंक्शन कळा व नमपॅड या दोन्ही कसोटीला उतरतात. अक्षरकळ घेऊन कंट्रोल किंवा ऑल्टची जोड देणाऱ्यांनी ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी टाळावी, कारण विंडोजमध्ये डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषेची मांडणी बदलते, आणि ऐन लढाईत आपण मराठीत कधी शिरलो हेच कळत नाही.

चुकून देवनागरी अक्षर सर्व्हरकडे गेले तर काय होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आपल्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, तर बरेच जुने मड इंग्रजी अक्षरांपुरत्या ७ बिटांच्या संकेतासाठी लिहिलेले आहेत. असे सर्व्हर ती चिन्हे टाकून तरी देतात किंवा आज्ञा न समजल्याचे सांगतात. नुकसान फारसे होत नाही, पण तुम्ही दिली असे समजत असलेली आज्ञा प्रत्यक्षात दिली गेलेली नसते.

आता मॅक्रोच्या पोटात काय भरावे या मुख्य प्रश्नाकडे येऊ. क्लायंटमध्ये अनेक आज्ञा एकापाठोपाठ देण्यासाठी विभाजक चिन्ह असते. टिनटिनमध्ये ते एक अर्धविराम आहे, मडलेटमध्ये मूळ व्यवस्थेत दोन अर्धविराम. समजा ‘दार उघड, उत्तरेला जा, दार लाव’ अशा तीन आज्ञा तुम्ही एका कळीला जोडल्या. रोज हे ठीक चालते, आणि एके दिवशी दाराला कुलूप असते. पहिली आज्ञा फसते, दुसरी फसते, आणि तिसरी निरुपद्रवीपणे वाया जाते. पण मालिका ‘उत्तरेला जा, पेटी उचल, दक्षिणेला जा’ अशी असती आणि पहिली फसली असती, तर तुम्ही भलत्या खोलीतून दक्षिणेला निघाला असता. मड प्रत्येक ओळ स्वतंत्र मानतो, आधीची फसली म्हणून पुढची रोखत नाही. ‘झोर्क’सारख्या एकट्याने खेळायच्या खेळांत पूर्णविराम देऊन एका ओळीत अनेक आज्ञा लिहिता येतात आणि तिथे मधली आज्ञा खेळाला समजलीच नाही तर पुढच्या सोडून दिल्या जातात. परंतु समजली आणि जमली नाही, अशा वेळी तिथेही सावधच राहिले पाहिजे. शिवाय अशा खेळांत प्रत्येक आज्ञा म्हणजे एक खेळी असते. ‘ॲडव्हेंचर’मधल्या दिव्याची बॅटरी खेळीगणिक उतरते, तेव्हा मॅक्रोने वाया घालवलेल्या आज्ञांची किंमत शेवटी अंधारात मोजावी लागते.

मडमध्ये याहून मोठी अडचण रांगेची आहे. क्लायंट पाच आज्ञा एका क्षणात पाठवतो, पण सर्व्हर त्या एका क्षणात करत नाही. ‘मर्क’चे उदाहरण घ्या. त्याचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला चार ठोके देते आणि एका ठोक्याला प्रत्येक खेळाडूची एकच ओळ उचलली जाते. त्यातच लढाईतील बऱ्याच कौशल्यांनंतर खेळाडूला काही ठोके थांबवले जाते आणि तेवढा वेळ त्याची कोणतीही नवी आज्ञा वाचली जात नाही. समजा एखाद्या कौशल्यामागे तीन सेकंद थांबावे लागते आणि तुमच्या मॅक्रोत ते तीन वेळा आहे. पहिल्याच वारानंतर प्रकृती खालावलेली पाहून तुम्ही पळून जाण्याची ‘फ्ली’ ही आज्ञा दिलीत, तरी ती उरलेल्या दोन वारांच्या मागे रांगेत उभी राहते. वाचण्यासाठी लागणारी आज्ञा तुम्ही वेळेवर दिली, पण ती वेळेवर पोहोचली नाही, आणि अडवणारा तुमचाच मॅक्रो होता. काही खेळांमध्ये साचलेली रांग पुसून टाकणारी आज्ञा असते. ती आपल्या खेळात आहे का, हे मदतीच्या पानावर शोधून एका स्वतंत्र कळीला आधीच जोडून ठेवावे.

नेट अडखळले की हा धोका दुणावतो. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडे मोबाइलचे सिग्नल येतात आणि जातात. मडचा संपर्क टीसीपी या पद्धतीने चालतो आणि टीसीपी पाठवलेला मजकूर हरवू देत नाही. जोडणी टिकून असली की तो क्रमाने पोहोचवल्याशिवाय थांबत नाही. एरवी हा गुणच आहे. पण पडदा गोठला म्हणून तुम्ही वैतागून चालण्याची कळ चारदा दाबलीत, तर सिग्नल परत येताच चारही वेळच्या आज्ञा क्रमाने हजर होतात आणि पात्र तुमच्या अपेक्षेच्या पलीकडे, कदाचित दरीच्या काठापर्यंत, चालत जाते. उत्तर आले नसताना पुन्हा कळ दाबू नये, इतका साधा नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतो. ‘मर्क’मध्ये तर एकच आज्ञा सलग वीसेक वेळा आली की सर्व्हर ‘आता पुरे’ अशा अर्थाचा संदेश दाखवतो आणि तुमच्या आज्ञेच्या जागी ‘क्विट’ घालतो, म्हणजे खेळातून बाहेर पडण्याची आज्ञाच तुमच्या नावाने देतो. लांबचा सरळ रस्ता एका मॅक्रोत बांधणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

या सगळ्यातून मॅक्रोच्या लांबीचे एक व्यवहारी माप निघते. जिथे उत्तर वाचून वेगळा निर्णय घ्यावा लागण्याची शक्यता आहे, तिथे मॅक्रो संपला पाहिजे. तलवार काढणे, ढाल धरणे आणि दिवा पेटवणे या तिन्हींचा निकाल जवळपास ठरलेला असतो, तेव्हा त्या एका कळीत खुशाल असाव्यात. गावातल्या चौकापासून दुकानापर्यंतचा रोजचा रस्ताही चालेल. परंतु अनोळखी खोलीत शिरणे आणि त्यानंतर लगेच काही करणे या दोन गोष्टी कधीही एका मॅक्रोत असू नयेत. लढाईत तर एका कळीला एकच आज्ञा हेच उत्तम. तिथे मॅक्रोचा उपयोग स्पेलिंग न चुकता, योग्य क्षणी, एका बोटाने आज्ञा देण्यासाठी आहे, आणि तेवढाच उपयोग पुरेसा मोठा आहे.

नेटहॅक किंवा डंजन क्रॉल स्टोन सूपसारखे खेळ या बाबतीत वेगळे आहेत. ते ओळ घेत नाहीत, प्रत्येक कळ दाबताच तिच्यावर कृती करतात. क्रॉलमध्ये मॅक्रो बांधण्याची सोय खेळाच्या आतच दिलेली आहे आणि तीच वापरावी. बाहेरून पाठवलेल्या कळांमध्ये मध्येच ‘पुढे वाचा’ अशी सूचना आली तर ती एखादी कळ गिळून टाकते आणि पुढची सगळी मालिका एका घराने सरकते.

ट्रिगरविषयी थोडक्यात, पण निक्षून सांगितले पाहिजे. समजा ‘तुला तहान लागली आहे’ असा मजकूर आला की पाणी पिण्याची आज्ञा जावी, असा ट्रिगर तुम्ही बांधला. मडमध्ये इतर खेळाडूंचे बोलणेही त्याच पडद्यावर येते. कुणी मुद्दाम तेच वाक्य मोठ्याने म्हटले तर तुमचा क्लायंट फसतो आणि तुमचे पात्र पाणी पिते. पाण्याच्या बाबतीत हे क्षुल्लक आहे, पण ट्रिगर समोरच्याला सोने देण्याचा असेल तर मुळीच नाही. म्हणून मजकूर ओळीच्या अगदी सुरुवातीपासून जुळला तरच ट्रिगर चालेल, अशी अट क्लायंटमध्ये घालावी. दुसऱ्याच्या बोलण्याआधी बहुधा त्याचे नाव येत असल्याने मग ती चलाखी चालत नाही. ओळीतला एखादा शब्द उचलून तो पुढच्या आज्ञेत जोडणारे ट्रिगर आणखी धोक्याचे असतात, कारण त्या शब्दात विभाजक चिन्ह दडवून परकी आज्ञा तुमच्या नावावर चालवली जाऊ शकते. आणि पासवर्ड तर कोणत्याही मॅक्रोत कधीच लिहू नये.

मजकुरी खेळ दृष्टिहीन खेळाडूंना खऱ्या अर्थाने बरोबरीने खेळता येतात, कारण पडद्यावर जे आहे ते सगळे शब्दच असतात आणि स्क्रीनरीडर ते वाचून दाखवतो. त्यांच्यासाठी मॅक्रो ही चैन नसून गरज आहे, कारण ऐकता ऐकता लिहावे लागते आणि प्रत्येक कळीचा आवाज वाचनात व्यत्यय आणतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांनी मात्र वर सुचवलेली नमपॅडची मांडणी जशीच्या तशी उचलू नये. त्याच्या डेस्कटॉप मांडणीत नमलॉक बंद असताना नमपॅडच्या कळा मजकुराची ओळ, शब्द आणि अक्षर पुन्हा ऐकण्यासाठी राखलेल्या असतात, आणि त्या सोयीवर पाणी सोडण्यापेक्षा दिशांसाठी फंक्शन कळा घेणे शहाणपणाचे आहे.

शेवटी एका उपयोगाविषयी, ज्याची मला मनापासून ओढ आहे. हे खेळ बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि त्यामुळे मराठी किंवा कन्नड माध्यमातील मुले त्यांच्याकडे वळत नाहीत. पण ॲलिअस कोणत्या लिपीत असावा याला बंधन नाही. मडलेट आणि टिनटिन दोन्ही यूटीएफ-८ जाणतात, म्हणून मुलाने ‘उत्तर’ लिहिले की सर्व्हरकडे ‘नॉर्थ’ जावे, ‘उचल’ लिहिले की ‘गेट’ जावे, अशी यादी एका संध्याकाळी तयार होऊ शकते. सर्व्हरला मराठी कळण्याची गरज नाही, कारण भाषांतर तुमच्याच संगणकावर होते आणि बाहेर इंग्रजीच पडते. मित्राच्या घरी कन्नड असेल तर त्याच आज्ञेसाठी कन्नड लिपीतला दुसरा ॲलिअस जोडता येतो आणि दोघे शेजारी बसून एकच खेळ आपापल्या लिपीत खेळू शकतात. उत्तरे इंग्रजीतच येतील, मात्र नेहमी येणाऱ्या ठरावीक ओळींच्या जागी मराठी ओळ दाखवण्याची सोय क्लायंटमध्ये असते.

ॲलिअस अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो, म्हणून ‘पूर्व’ आणि ‘पुर्व’ ही दोन्ही रूपे नोंदवून ठेवावीत, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला खेळातले पात्र जागेवरून हलणार नाही आणि मूल कंटाळून उठेल. टाइप करताना युनिकोडचीच मांडणी हवी. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी-कन्नड अक्षर दिसले तरी आत साठलेला संकेत वेगळाच असतो आणि ॲलिअस त्याला ओळखत नाही. तयार यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, यूटीएफ-८ निवडून जतन करावी आणि प्रत्येक ओळीवर ती कशासाठी आहे याची टीप लिहावी, म्हणजे ती खानापूरच्या मुलाने केली तरी कारवारच्या किंवा बिदरच्या मुलाला तशीच वापरता येईल.